घरच्या फोनची चौकशी घंटी वाजण्याआधी व्हावी

गोल डायलच्या फोनचा जमाना होता तेव्हा कितीतरी घरांत त्या डायलला एक छोटे कुलूप असे. पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली आणि दूरसंचार खात्याने एसटीडी, आयएसडीला संकेतांकाचे कुलूप लावायची सोय दिली. चार आकडे दाबल्याशिवाय परगावी फोन लागायचा नाही. या दोन्ही कुलपांमागे हिशेब सरळ होता. बाहेर जाणाऱ्या फोनचे बिल यायचे, आत येणाऱ्या फोनला पैसे पडत नव्हते. त्यामुळे आत येणाऱ्या फोनलाही कधी दार लागेल, याचा विचार करायची कुणाला गरज वाटली नाही. आज तो हिशेब पार उलटा झाला आहे. फायबरच्या जोडणीबरोबर मिळणाऱ्या लँडलाइनवरून देशभर कितीही वेळ बोलले तरी वेगळे पैसे लागत नाहीत. उलट बाहेरून आलेल्या एका फोनमुळे निवृत्तीची सगळी पुंजी तासाभरात जाऊ शकते. खर्च आणि धोका आता आत येणाऱ्या फोनमध्ये आहे, पण एक्स्चेंजची रचना अजून जुन्याच गृहीतकावर उभी आहे: कुणीही, कुठूनही नंबर फिरवावा आणि आमच्या बैठकीच्या खोलीत घंटी वाजवावी. हे गृहीतक बदलायला हवे. घरच्या फोनवर येणाऱ्या अनोळखी कॉलची चौकशी यंत्राने, आपोआप आणि घंटी वाजण्याआधी केली पाहिजे. ती सोय देण्याची जबाबदारी फोन कंपनीची आहे. सत्तरी ओलांडलेल्या ग्राहकाने ती स्वतः शोधून, विकत घेऊन बसवावी, अशी अपेक्षा ठेवणे चूक आहे.

लँडलाइन आता आहे कुणाकडे, हे आधी पाहू. एके काळी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागणारा हा फोन बहुतेक तरुण घरांतून गेला. तो टिकला तो दवाखान्यांत, दुकानांत, कार्यालयांत आणि मुख्यतः वयस्कर माणसांच्या घरांत. मुंबईत एमटीएनएलचा आणि उरलेल्या महाराष्ट्रात व गोव्यात बीएसएनएलचा नंबर तीस-तीस वर्षे तोच असलेली कुटुंबे आहेत. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात असतात. आई-वडिलांना मोबाइलची बारीक अक्षरे दिसत नाहीत, टचस्क्रीनवर बोट नेमके पडत नाही, आणि रिसीव्हरमधला आवाज त्यांना जास्त स्पष्ट येतो. म्हणून हा फोन ठेवलेला असतो. त्याच्या शेजारी नंबरांची वही असते, तिच्यात पहिल्या पानावर डॉक्टर, मुलगा, मुलगी आणि गॅसवाला. अशा घरात घंटी वाजते तेव्हा माणूस हातातले काम टाकून उठतो, काठी शोधतो, ओल्या फरशीवरून चालत जातो. पलीकडून कर्जाची जाहिरात ऐकू येते, किंवा काहीच ऐकू येत नाही. हे न बोलणारे फोन बहुधा स्वयंचलित डायलरचे असतात. यंत्र एकाच वेळी अनेक नंबर फिरवते, आणि जो आधी उचलेल त्याच्याशी कॉल सेंटरचा माणूस बोलू लागतो. बाकीच्यांच्या वाट्याला शांतता येते. मोबाइलवर नको असलेला फोन आला तर बाजूचे बटण दाबले की संपले. घरच्या फोनवर घंटी हाच त्रास असतो. फोन उचलल्यावर फसवणूक होते की नाही, हा पुढचा प्रश्न. म्हणूनच घंटी वाजल्यानंतर सुरू होणारा कुठलाही उपाय इथे अर्धाच ठरतो.

आजवर सरकारांनी निवडलेला मार्ग नावनोंदणीचा आहे. ज्यांना जाहिरातीचे फोन नकोत त्यांनी नाव नोंदवावे, आणि कंपन्यांनी ती यादी पाहून त्या नंबरांना वगळावे. अमेरिकेने २००३ मध्ये अशी राष्ट्रीय यादी उघडली. तिच्यात आज २४ कोटींहून अधिक नंबर आहेत. तरीही यूमेल या कंपनीच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात अमेरिकेत सुमारे ५८ अब्ज यांत्रिक कॉल गेले. त्यांत शाळेची सूचना, औषधाच्या दुकानाची आठवण असे कामाचे कॉलही होते. पण मोठा वाटा जाहिरातीचा आणि लबाडीचा होता. आपल्याकडे दूरसंचार नियामक ट्रायने २००७ मध्ये नोंदवही सुरू केली, २०१० मध्ये नियम बदलले, २०१८ मध्ये पुन्हा सगळी चौकट नव्याने बांधली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती आणखी कडक केली. तक्रार करायला पूर्वी तीन दिवस मिळायचे, आता सात मिळतात. दहा दिवसांत पाच तक्रारी आल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते. नियम चांगले आहेत आणि ते असायलाच हवेत. पण यादी पाहतो कोण? ज्याला कायद्याची भीती आहे तो. भामटा यादी पाहत नाही. शिवाय तक्रार करायची तर ज्याने फोन केला त्याचा नंबर द्यावा लागतो. ज्या घरातल्या फोनवर नंबर दिसतच नाही, तिथल्या आजोबांनी कोणता नंबर सांगावा? ट्रायचे डीएनडी ॲप मोबाइलवर चालते. दूरसंचार विभागाचे ‘चक्षू’ इंटरनेटवर आहे आणि तिथेही संशयित नंबर भरावा लागतो. १९०९ ला फोन करून लँडलाइनचा नंबरही नोंदवता येतो, पण त्यापुढची सगळी यंत्रणा हातात स्क्रीन असलेला ग्राहक समोर धरून बनवलेली आहे.

नावनोंदणी पुरत नाही म्हटल्यावर दुसरा मार्ग निघाला, तो काळ्या यादीचा. त्रासदायक नंबर गोळा करायचे आणि ते आपोआप अडवायचे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ऑक्टोबर २०१२ मध्ये यासाठी ५० हजार डॉलरच्या बक्षिसाची जाहीर स्पर्धा ठेवली. २०१३ मधल्या विजेत्यांपैकी एकाच्या कल्पनेतून ‘नोमोरोबो’ ही सेवा निघाली. तिची युक्ती साधी आणि देखणी आहे. कॉल आला की तो एकाच वेळी घरी आणि सेवेच्या संगणकावर वाजतो. नंबर काळ्या यादीतला असेल तर संगणक तो आधी उचलून तोडतो. घरी एकदाच घंटी वाजते आणि थांबते. हजारो घरांना यामुळे उसंत मिळाली. पण इथेच काळ्या यादीची मर्यादाही कळते. नंबर खोटा दाखवणे इंटरनेटवरच्या फोनमुळे इतके सोपे झाले आहे की आज अडवलेला नंबर उद्या कुणी वापरतच नाही. भामटे तुमच्याच गावातला, तुमच्याच नंबराशी पहिले काही आकडे जुळणारा नंबर दाखवतात. म्हणून अमेरिकेने नंबर खरा की खोटा हे कंपन्यांनी एकमेकांना सही करून सांगण्याची ‘स्टर-शेकन’ ही पद्धत मोठ्या कंपन्यांना जून २०२१ अखेरपर्यंत सक्तीची केली. ही पद्धत इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणाऱ्या जाळ्यातच काम करते. तांब्याच्या तारेच्या जुन्या एक्स्चेंजमधून कॉल गेला की ती सही गळून पडते. नोमोरोबोही तांब्याच्या पारंपरिक लाइनवर चालत नाही. ज्या म्हाताऱ्या माणसांना याची सर्वांत जास्त गरज, नेमकी तीच बाहेर राहिली. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या काही कॉर्डलेस फोनवर मोजके नंबर अडवायची सोय असते. रोज नवा नंबर वापरणाऱ्यापुढे ती टिकणार नाही, हे उघड आहे.

भारतातला एक अनुभव मात्र या चर्चेत फार मोलाचा आहे, आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. परदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे बनावट कॉल अडवणारी यंत्रणा केंद्र सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. पहिल्या चोवीस तासांत सुमारे १ कोटी ३५ लाख कॉल बनावट म्हणून ओळखले गेले आणि अडवले गेले. त्यासाठी एकाही ग्राहकाला ॲप घ्यावे लागले नाही, सेटिंग बदलावे लागले नाही, काही समजूनही घ्यावे लागले नाही. कॉल देशाच्या वेशीवरच थांबला. जाळ्याच्या पातळीवर केलेले काम सर्वांना सारखे मिळते. ज्याला स्मार्टफोन म्हणजे काय ते माहीत नाही, त्यालाही. याच्याशेजारी मोबाइलसाठीचे उपाय ठेवून पाहा. एअरटेलने सप्टेंबर २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी यंत्रणा आणली. ती संशयित कॉल ओळखते आणि स्क्रीनवर ‘स्पॅम’ असा शब्द दाखवते. कॉल करणाऱ्याचे नोंदणीकृत नाव दाखवणाऱ्या सीएनएपी सेवेची शिफारस ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली, पण तिची सुरुवात ४जी आणि त्यापुढच्या जाळ्यांतून करायचे ठरले. ॲपलने २०२५ च्या आयओएसमध्ये अनोळखी माणसाला नाव आणि काम विचारणारी सोय दिली. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये तशी सोय २०१८ पासून आहे. म्हणजे बुद्धी आहे, यंत्रे आहेत, नियमही आहेत. महाग मोबाइल वापरणाऱ्या तिशीतल्या माणसाला पहारा मिळाला आणि त्याच्या आईच्या लँडलाइनला मिळाला नाही, हा निव्वळ प्राधान्यक्रमाचा प्रश्न आहे.

घरच्या फोनवर हा पहारा कसा असावा, याचे चांगले उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. तिथे ‘ट्रूकॉल’ नावाचे छोटे यंत्र फोन आणि भिंतीतल्या सॉकेटच्या मध्ये बसवतात. तेच तंत्र पुढे बीटी कंपनीने आपल्या काही कॉर्डलेस फोनमध्ये ‘कॉल गार्डियन’ नावाने घातले. त्याचे काम असे चालते. ओळखीचा, म्हणजे यादीतला नंबर असेल तर फोन नेहमीसारखा वाजतो; ना कॉल करणाऱ्याला काही कळते, ना उचलणाऱ्याला. नंबर अनोळखी असेल तर घरात घंटी वाजतच नाही. पलीकडच्या माणसाला ध्वनिमुद्रित आवाजात नाव सांगायची विनंती होते. त्याने नाव सांगितले की मगच फोन वाजतो, आणि उचलल्यावर ते नाव त्याच्याच आवाजात ऐकू येते. मग घरातल्या माणसाने एक आकडा दाबून कॉल घ्यायचा, किंवा दुसरा आकडा दाबून तो नंबर कायमचा अडवायचा. आपोआप नंबर फिरवणारे यंत्र इथे बहुतेकदा गळते, कारण त्याला प्रश्नच कळत नाही. माणूस असेल आणि हेतू वाईट असेल, तरी स्वतःचे नाव बोलून वाट पाहणे त्याला नको असते. त्याचा धंदा वेगावर चालतो. ब्रिटनच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागांनी अशी यंत्रे स्मृतिभ्रंश असलेल्या आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी मोफत बसवली आहेत. नको असलेल्या फोनपासून संरक्षण हे तिथे वृद्धांच्या सुरक्षेचे काम मानले गेले, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे हेच सांगली किंवा नाशिकच्या एखाद्या घरात कसे चालेल, ते पाहा. दुपारी अडीचला कॉल येतो. एक्स्चेंजमध्ये पहिली चाळणी लागते: नंबर १४० ने सुरू होत असेल तर तो नियमानेच जाहिरातीचा आहे, आणि ग्राहकाने नको म्हटले असेल तर तो तिथेच थांबतो. १६०० ने सुरू होणारा असेल तर तो बँक किंवा तशाच संस्थेच्या सेवेचा, म्हणून पुढे जातो. बँकांनी अशा कॉलसाठी १६०० चीच मालिका वापरावी असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलेले आहे. उरतो साधा नंबर. तो घराच्या यादीत असेल तर घंटी वाजते. नसेल तर मराठीत आवाज येतो: ‘नमस्कार. आपले नाव आणि काम सांगा, आणि मग १ दाबा.’ हिंदी आणि इंग्रजीतही तेच. ज्याला खरेच काम आहे तो दहा-बारा सेकंदांत आत येतो. गंमत अशी की सध्याचे भामटे नेमकी हीच युक्ती आपल्यावर वापरत आहेत. ‘तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठी ९ दाबा’ असे सांगणारा, ट्राय किंवा दूरसंचार विभागाचे नाव घेणारा यांत्रिक आवाज अनेक घरांत आलेला आहे. तिथूनच पुढे बनावट पोलीस अधिकारी, पार्सलमधले अमली पदार्थ आणि ‘डिजिटल अटक’ यांचा खेळ सुरू होतो. भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राच्या आकडेवारीप्रमाणे जानेवारी ते एप्रिल २०२४ या चारच महिन्यांत अशा डिजिटल अटकेत लोकांनी १२० कोटी रुपयांहून अधिक गमावले. आकडा दाबायचे काम आज घरातला माणूस करतो. ते बाहेरून फोन करणाऱ्याने करावे, एवढीच मागणी आहे.

सर्वांत गंभीर आक्षेप तातडीच्या फोनचा. अपघात झाला, मुलाने दुसऱ्याच्या मोबाइलवरून फोन केला, रुग्णालयाने किंवा पोलिसांनी फोन केला, आणि यंत्राने तो अडवला तर? हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. म्हणूनच काळी यादी वापरून कॉल तोडणाऱ्या पद्धतीपेक्षा प्रश्न विचारणारी पद्धत चांगली. ती अनोळखी कॉल तोडत नाही, त्याला बोलायची संधी देते. ‘मी अमुक रुग्णालयातून बोलतोय, तुमचा मुलगा इथे आहे’ हे वाक्य यंत्राला सांगितले की तेच वाक्य घरात ऐकू येते. घाबरलेल्या माणसाला १ दाबायचे भान राहिले नाही, तर त्याचा आवाज ऐकू आला एवढ्यावरही घंटी वाजावी आणि न बोलणाऱ्यांनाच थांबवावे. ११२ आणि १०८ सारख्या आपत्कालीन सेवांकडून उलट येणारे कॉल विनाचौकशी जायला हवेत. अमेरिकेतही आपत्कालीन सेवांचे कॉल अडवू नयेत असे बंधन आहे. घरच्यांसाठी चार आकडी संकेतांक ठेवता येईल. नातवाने कुठल्याही देशातून, कुठल्याही नंबरावरून फोन केला तरी तो संकेतांक दाबून थेट आत येईल. परदेशातून स्वस्त मार्गाने केलेल्या फोनवर अनेकदा भलताच नंबर दिसतो किंवा दिसतच नाही, त्यामुळे अमेरिकेत, आखाती देशांत मुले असलेल्या मराठी घरांना ही सोय लागणारच. आणि वीज गेली किंवा यंत्र बिघडले, तर फोन नेहमीसारखाच वाजला पाहिजे. यंत्राने मध्ये अडून बसता कामा नये. एवढी काळजी घेतल्यावरही एखादा फोन चुकेल का? क्वचित चुकेल. पण आजची स्थिती विसरू नका. नको असलेल्या फोनना कंटाळून कितीतरी ज्येष्ठ नागरिक अनोळखी फोन उचलेनासे झाले आहेत, काही जण रिसीव्हर काढूनच ठेवतात. अशा घरात तातडीचा फोनही लागत नाही.

दुसरा आक्षेप संस्काराचा आहे. घरी फोन करणाऱ्याला यंत्राने ‘कोण तुम्ही?’ असे विचारावे, हे आपल्याला उद्धटपणाचे वाटते. ही भावना मी समजू शकतो. पण शहरांतल्या आणि आता तालुक्याच्या गावांतल्याही सोसायट्यांत वॉचमन पाहुण्याचे नाव विचारतो, वहीत लिहितो, इंटरकॉमवर वर कळवतो, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. फोनवर प्रश्न विचारणारे यंत्र त्याहून वेगळे काही करत नाही. या आक्षेपाचाच दुसरा प्रकार म्हणजे ‘नको असेल तर ठेवून द्यावा, एवढे काय?’ ठेवून देणे हे तिशीतल्या माणसाला सोपे असते. ज्या पिढीला समोरच्याचे बोलणे पूर्ण ऐकून घ्यायची सवय आहे, सरकारी आवाजाचा धाक आहे, ‘साहेब’ म्हटले की आवाज खाली येतो, तिला ते जमत नाही. भामट्यांचा सगळा डाव याच सभ्यतेवर चालतो. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये थांबा, विचार करा, मग कृती करा असे सांगितले. सल्ला योग्यच आहे. पण पोलीस असल्याचे सांगून कुणी कानात ओरडत असताना थांबून विचार करणे भल्याभल्यांना जमलेले नाही. फसलेल्यांत निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, डॉक्टर आहेत. जनजागृतीचा सगळा भार ज्याच्यावर हल्ला होतो त्याच्यावरच पडतो. तो आवाज कानापर्यंत पोहोचण्याआधीच गाळणारी व्यवस्था असेल, तर हा भार खूपच हलका होईल.

खासगीपणाचा मुद्दा मात्र आक्षेप घेणाऱ्यांचा खरा आहे, आणि त्याला रचनेतूनच उत्तर द्यावे लागेल. कॉल तपासायचा म्हणजे कुणीतरी तो पाहणार, ऐकणार. घरातल्या ओळखीच्या माणसांची यादी हा त्या घराच्या नात्यांचा नकाशा असतो. तो कुठल्याही कंपनीच्या संगणकावर जाऊ नये. म्हणून कामाची वाटणी करावी. खोटा नंबर, जाहिरातीची मालिका, तक्रारी झालेले नंबर ही तपासणी एक्स्चेंजमध्ये व्हावी, कारण त्यासाठी संभाषण ऐकावे लागत नाही. ओळखीची यादी आणि नाव विचारण्याचे काम घरातल्या यंत्राने करावे आणि त्यातले काहीही बाहेर जाऊ नये. पलीकडच्याने सांगितलेले नाव कॉल संपताच पुसले जावे. संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा केलेला आहे. त्याच्या चौकटीत हे बसवणे अवघड नाही. मोबाइलवरच्या काही लोकप्रिय ॲपसारखे लोकांच्या फोनबुकांतून नावे गोळा करून घर राखायचे, हा मार्ग लँडलाइनला नको.

यंत्रे आता बोलायला शिकली आहेत, तेव्हा नाव विचारणारा हा प्रश्नही ती सहज पार करतील, असे काही जाणकार म्हणतात. खरे आहे. नाव सांगून आकडा दाबणारा कृत्रिम आवाज बनवणे आज अशक्य नाही, ओळखीच्या माणसाच्या आवाजाची नक्कल करणेही शक्य झाले आहे. पण ओळखीची यादी पाहणारी पद्धत आवाजावर विसंबत नाही, नंबरावर विसंबते. नंबर खोटा दाखवणे जितके कठीण होत जाईल तितकी ती बळकट होईल. अनोळखी माणसाने सांगितलेले नाव हा पुरावा नाही, ती फक्त माहिती आहे. पण ती मिळाल्यावर घरातल्या माणसाला विचार करायला दहा सेकंद मिळतात, आणि फोन न घेण्याचा सभ्य मार्ग मिळतो. शिवाय फसवणुकीचे अर्थकारण स्वस्त कॉलवर उभे आहे. लाखो नंबर फिरवायचे, त्यांतले काही फसतात. प्रत्येक कॉलमागे पंधरा सेकंद आणि थोडे जास्त संगणकीय काम लागू लागले, तर तो धंदा तितकाच महाग होतो. चोर शंभर टक्के थांबेल असा दावा कुणी करू नये; चोरी अवघड व्हावी, एवढे पुरे.

खर्च आणि लँडलाइनचे भविष्य याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. लँडलाइन संपत चालली आहे म्हणून तिच्यावर कशाला खर्च, असे म्हणणाऱ्यांनी फायबरच्या जोडण्यांकडे पाहावे. बहुतेक फायबर मोडेमच्या मागे टेलिफोनचे भोक आहे आणि ग्राहकाला नंबर दिलेला आहे. तो फोन मुळातच इंटरनेट प्रोटोकॉलवर चालतो, म्हणजे वर सांगितलेली सगळी चौकशी हे फक्त सॉफ्टवेअरचे काम आहे. हौशी मंडळी रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर ॲस्टरिस्क हे मोफत सॉफ्टवेअर चढवून घरी असा पहारा कधीच बसवून मोकळी झाली आहेत. एका हौशी माणसाला जे जमते ते दूरसंचार कंपनीला जमत नाही, हे पटण्यासारखे नाही. तांब्याच्या जुन्या लाइनवर वेगळे यंत्र लागेल. ते मोडेमसारखे भाड्याने द्यावे, साठीपुढच्या ग्राहकाला विनामूल्य द्यावे, आणि बसवून द्यायला लाइनमनने घरी जावे. घरच्या यादीतले पहिले पंधरा-वीस नंबर फोनशेजारच्या वहीतून त्यानेच भरून द्यावेत.

ट्रायने पुढच्या दुरुस्तीत लँडलाइनसाठी वेगळे कलम घालावे: नंबर दाखवण्याची सोय प्रत्येक घरगुती जोडणीवर विनाशुल्क, १४० च्या कॉलना ग्राहकाने होकार दिल्याशिवाय प्रवेश नाही, आणि अनोळखी कॉलची मराठीसह स्थानिक भाषेत चौकशी करणारी सेवा मागितल्यापासून ठरावीक दिवसांत. सीएनएपीच्या पुढच्या टप्प्यात लँडलाइन घ्यावी आणि नाव बोलून दाखवण्याची तरतूद करावी, कारण ज्याला दिसत नाही त्याला स्क्रीनवरचे नाव निरुपयोगी आहे. बीएसएनएलने आणि एमटीएनएलने याची सुरुवात करावी. ज्येष्ठ ग्राहक मोठ्या संख्येने त्यांच्याकडे आहेत. हे होईपर्यंत वाचकांनी आपल्या आई-वडिलांच्या लँडलाइनचा नंबर १९०९ वर नोंदवावा, कॉलर आयडीची सोय मागून घ्यावी, अनोळखी नंबर अडवू शकणारा फोन मिळत असेल तर तो आणून स्वतः बसवून द्यावा, आणि फसवणूक झाल्यास लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायला सांगून तो नंबर वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा.